बाई, आता ऑपरेटर तुम्हीच

वाचकाचं पत्र:

मी कराडला एकटी राहते. वय ७२. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवलं. घरात १९९१ पासूनचा लँडलाइन फोन आहे आणि गेल्या वर्षभरात त्याने जीव नकोसा केलाय. दिवसाला आठ-दहा फोन येतात, दुपारची झोपही मोडते. कर्ज हवंय का, प्लॉट घ्या, बंद पडलेल्या पॉलिसीचा बोनस आलाय. कधी उचलला तर पलीकडे कुणीच नसतं, कुणी पाळत ठेवतंय का अशी भीती वाटते. एक माणूस कुणा परक्याच्या थकलेल्या हप्त्यांसाठी मला दमात घेतो. गुडघे दुखतात, तरी स्वयंपाकघरातून धावत येते, कारण वाईची माझी आक्का याच नंबरवर फोन करते. ती ८१ वर्षांची आहे, तिला हा एकच नंबर पाठ आहे. मुलगा पुण्याहून म्हणतो, काढून टाक तो फोन. मला कुणाच्या तोंडावर फोन आपटता येत नाही, तसे संस्कारच नाहीत. आणि गेल्या महिन्यात एक चूक झाली, ती मी मुलाला सांगितलेली नाही. ‘तुमचा फोन दोन तासांत बंद होईल, नऊ दाबा’ असं रेकॉर्डिंग वाजलं. मी दाबलं. एक साहेब बोलायला आले. त्यांना नाव, जन्मतारीख आणि आधारचे शेवटचे चार आकडे सांगून बसले. मोबाइल नंबर मागितला तेव्हा घाबरून ठेवून दिला. तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. काय करू?
– एक निवृत्त शिक्षिका, कराड

नमस्कार बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून ‘बाई’च म्हणते. वयाने मी तुमच्याहून थोडी लहान. १९७९ साली साताऱ्याच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा डाक-तार खातं एकच होतं. पुढची ३८ वर्षं फोनच्याच खात्यात गेली. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना तुमचा फोन, त्याच्याखालचा क्रोशाचा रुमाल आणि शेजारची खुर्ची, सगळं डोळ्यांपुढे आलं.

पत्रात शेवटी लिहिलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण झोप तिच्यापायी गेलीय. नाव, जन्मतारीख आणि आधारचे शेवटचे चार आकडे, एवढ्यावर तुमच्या खात्यातून कुणाला पैसे काढता येत नाहीत. त्या माणसाला हवा होता तो मोबाइल नंबर. तुमच्या या साध्या लँडलाइनवर ओटीपी वाचायचा नसतो, लिंक उघडत नाही, ॲप उतरवता येत नाही. म्हणून लँडलाइनवर गाठणारा भामटा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला मोबाइल नंबरवर येतोच. तो तुम्ही दिला नाहीत. नेमक्या जागी थांबलात, हे आधी मनाशी पक्कं करा.

दोन तासांत फोन बंद होण्याचा हा फोन देशभर हजारो घरांत वाजलाय. कधी ‘ट्राय’चं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, नाव घेतात, कधी दूरसंचार विभागाचं. दोघांनीही वारंवार जाहीर केलंय की आम्ही कुणाला जोडणी तोडण्याचे फोन करत नाही. बिल थकलं तर फोन बंद होतो, पण त्याची सूचना ज्यांचा फोन आहे ती कंपनी देते, आणि त्यासाठी तुमच्या आधारचे आकडे तिला फोनवर विचारावे लागत नाहीत.

आता खरा धोका कुठे आहे ते सांगते. तुम्ही दिलेली माहिती कुणाच्या तरी यादीत गेली असणार. उद्या दुसरा माणूस फोन करील आणि म्हणेल, ‘बाई, तुमची जन्मतारीख अमुक, आधारचे शेवटचे आकडे तमुक, बरोबर ना? मी तुमच्या बँकेतून बोलतोय.’ इतकं सगळं ठाऊक असलेला माणूस खराच असणार, असं त्या क्षणी वाटतं. तेव्हा आठवा की हे आकडे तुमच्याच तोंडून गेलेत. समोरच्याला माहिती असणं ही त्याची ओळख धरू नका.

या आठवड्यात तीन कामं उरका. बँकेत स्वतः जा, पासबुक भरून घ्या आणि झालेला प्रकार तिथल्या साहेबांच्या कानावर घाला. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या, म्हणजे तुमच्या बोटांच्या ठशांवर कुणाला व्यवहार करता येणार नाही. मुलगा मोबाइलवरून पाच मिनिटांत करील, शंका असेल तर आधारची मदतवाहिनी १९४७ आहे. आणि ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते त्याला बघायला सांगा. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. संशयास्पद फोन कळवण्यासाठी त्याच संकेतस्थळावर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे.

म्हणजे मुलाला सांगावं लागणार. त्याबद्दल माझ्याच घरातलं सांगते.

माझ्या जाऊबाईंना एका नोव्हेंबरात फोन आला. ‘तुमचा हयातीचा दाखला नोंदलेला दिसत नाही, पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबेल, मोबाइलवर आलेला आकडा सांगा, म्हणजे इथूनच नोंदवतो.’ दाखल्याची सही त्यांनी बँकेत जाऊन आधीच केली होती. तरी पेन्शन थांबेल म्हटल्यावर हात कापायला लागले आणि आकडा सांगितला. ३८ हजार गेले. हे घडलं शुक्रवारी दुपारी. शनिवार गेला, रविवारचा दिवस गेला. रविवारी रात्री सगळे जेवायला बसलो, त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो आमटीत तसाच धरून ठेवला आणि रडायला लागल्या. आम्ही त्याच मिनिटाला १९३० लावला. पण दोन दिवसांत पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन एटीएममधून निघालेसुद्धा होते. १९३० ही सायबर गुन्ह्यांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तक्रार जितकी ताजी, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. जाऊबाईंना पैसे गेल्याचं दुःख होतंच. पण ‘तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही’ हे त्यांचं वाक्य माझ्या दिरांच्या काळजाला लागलं. ते आजही त्यावर बोलायचं टाळतात.

म्हणून बाई, आज संध्याकाळी मुलाला फोन करा. ‘मी फसले’ अशी सुरुवात करू नका, तुम्ही फसलेला नाहीत. ‘मला एक फोन आला होता आणि मी वेळेवर ठेवून दिला, पण एवढं एवढं सांगून बसले’ असं सांगा. तो रागावला तर पाच मिनिटं रागावेल. त्यानंतर पुढच्या वेळी असं काही झालं तर तुम्ही त्याला लगेच सांगाल.

आता तुमच्या संस्कारांकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी अडचण मला तिथे दिसते.

आमच्या काळात फोन थेट घरात शिरत नसे. १८० ला ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि वाट बघत बसायचं. त्यात पी.पी. कॉल म्हणून एक प्रकार होता, ठरावीक माणसाशीच बोलायचा. मी हेडसेट लावून आधी पलीकडच्या घरात विचारायची, ‘मुंबईचा कॉल आहे, अमुक अमुक घरी आहेत का? बोलणार का?’ हो म्हणाले की मगच दोन लाइनी जोडणारी कॉर्ड बोर्डात लावायची आणि तिकिटावर वेळ टाकायची. माणूस घरी नसेल तर कॉल जोडला जात नसे. गावात एका वाड्यात एक फोन आणि दहा घरांच्या पत्रिकांवर तोच नंबर ‘पी.पी.’ म्हणून छापलेला, हेही तुम्ही पाहिलं असेल. तिथेही शेजारची वहिनी आधी विचारायची, कोण बोलतंय, कुणाला बोलावू?

म्हणजे परका आवाज आणि तुमचं घर यांच्यामध्ये कुणीतरी एक बाई उभी असायची. पुढे एसटीडी आलं, सगळं आपोआप झालं आणि ती मधली बाई गेली. आता जगातला कुठलाही माणूस, कुठलंही यंत्र थेट तुमच्या बैठकीत येऊन बोलतं. तेव्हा ऑपरेटरचं काम तुम्हालाच करावं लागणार आहे. आधी विचारा: ‘कोण बोलतंय? कुणाशी बोलायचंय?’ तुमचं नाव त्याने सांगायचं, तुम्ही नाही. ‘मॅडम, घरात निर्णय कोण घेतं?’ किंवा ‘तुम्ही कोण बोलताय?’ असा उलटा प्रश्न आला की तो ओळखीचा माणूस नाही. कॉर्ड काढायची.

आम्ही कॉर्ड काढायचो तेव्हा त्यात राग नसे, अपमान नसे. ते काम होतं. रिसीव्हर ठेवणं हे आपटणं नव्हे. ‘नको आहे, नंबर यादीतून काढा’ एवढं म्हणा आणि ठेवा. त्याच्या उत्तराची वाट बघू नका. कारणही देऊ नका. ‘माझं वय झालंय’, ‘मुलाला विचारून सांगते’, ‘मी एकटी असते हो’, यांतलं प्रत्येक वाक्य त्याला पुढचं वाक्य बोलायला जागा देतं आणि तुमच्याबद्दल काहीतरी सांगून जातं. विशेषतः एकटी असते, हे कुणालाही सांगायचं नाही.

तुमच्या मनात येईल की पलीकडची पोरगी पोटासाठी काम करते, तिला कसं तोडू? माझ्याही मनात यायचं. पण तिच्यापुढे यंत्राने पुढचा नंबर लावायला घेतलेला असतो. ज्यांना घ्यायचं नाही त्यांनी लवकर ठेवलं तर तिचाही वेळ वाचतो. दहा मिनिटं ऐकून घेऊन नाही म्हणणं तिच्या काहीच कामाचं नसतं.

यंत्रावरून ते मुके फोन आठवले. उचलला आणि पलीकडे कुणी नाही, याची तुम्हाला भीती वाटते, कुणी पाळत ठेवतंय का असं तुम्ही लिहिलंत. बहुतेक वेळा कारण साधं असतं. कॉल सेंटरमध्ये डायलर नावाचं यंत्र एकाच वेळी कितीतरी नंबर फिरवतं. जो आधी उचलेल तो मोकळ्या बसलेल्या माणसाकडे जातो. सगळे बोलण्यात गुंतलेले असतील तर तुमच्या कानात शांतता येते. नुसता एखाद्या नंबरवर माणूस उचलतो की नाही हे तपासायलाही असे फोन करतात. म्हणून एक सवय लावून घ्या. फोन उचला आणि काही बोलू नका. मनात तीनपर्यंत मोजा. आक्का असतील तर त्याच आधी ‘हॅलो, ऐकतेस ना गं?’ म्हणतील. यंत्र असेल तर टक असा आवाज येईल, मागे गलका ऐकू येईल, किंवा लाइन तुटेल. ‘हॅलो, हॅलो’ करत राहू नका, ठेवून द्या. आक्कांना मात्र एवढं सांगून ठेवा की तू आधी बोलत जा.

आता खात्यातल्या बाईचा सल्ला.

तुमच्याच लँडलाइनवरून १९०९ लावा आणि नको असलेल्या जाहिरातींचे फोन पूर्ण बंद करा म्हणून नोंद करा. यालाच लोक डीएनडी म्हणतात. बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे वर्ग असतात, निवडून बंद करता येतात, पण तुम्ही सरसकट बंद करा. मोबाइलची नोंद त्या नंबरवरून वेगळी करावी लागते. नोंद झाल्याचा क्रमांक सांगतील तो लिहून ठेवा.

यानं सगळं थांबेल असं मी सांगणार नाही, कारण तसं होत नाही. जे नोंदणीकृत आहेत आणि नियम पाळतात, त्यांचे फोन थांबतील. तुमची बँक तुमच्याच खात्याच्या कामासाठी फोन करू शकेल. आणि चोर १९०९ ची यादी बघून चोरी करत नाही. उरलेल्यांची तक्रार करावी लागते, आणि तिथे लोक कंटाळा करतात. १२ फेब्रुवारी २०२५ ला ट्रायने नियम कडक केले. आता फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार चालते, पूर्वी तीनच दिवस होते. नोंदणी न करता साध्या नंबरावरून जाहिरातीचे फोन करणाऱ्याविरुद्ध तर तुमची डीएनडी नोंद नसली तरी तक्रार करता येते. दहा दिवसांत पाच तक्रारी जमल्या की कारवाईला सुरुवात व्हायला हवी. पहिल्यांदा त्याचे सगळे जावक फोन पंधरा दिवस बंद, पुन्हा केलं तर वर्षभर जोडण्या बंद. तुमची एक तक्रार म्हणजे त्या पाचातली एक. ती वाया जात नाही.

पण तक्रारीत नंबर लागतो, आणि तुमच्या जुन्या फोनवर तो दिसतच नाही. म्हणून मुलाने काहीतरी करायचंच असेल तर फोन काढण्यापेक्षा हे करू दे: कॉलर आयडीची सोय टेलिफोन कार्यालयातून चालू करून घ्यायची आणि नंबर दिसणारा कॉर्डलेस फोन आणून द्यायचा. एक रिसीव्हर स्वयंपाकघरात ओट्याजवळ राहील. तुमच्या गुडघ्यांसाठी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोन धरायला धावताना ओल्या फरशीवर पाय घसरून खुबा मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. कुठलाही फोन इतका तातडीचा नसतो. ज्याला खरंच काम आहे तो पुन्हा करतो.

पडद्यावर काय दिसतं ते वाचायला शिका. १४० ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा. उचलायची गरज नाही. १६०० ने सुरू होणारे नंबर बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालयं यांच्या सेवेच्या फोनसाठी ठेवलेत. मात्र पडद्यावरचा नंबर म्हणजे पुरावा समजू नका. परदेशात बसून इथला नंबर दाखवणारे महाभाग आहेत. असे फोन अडवायला सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ ला एक यंत्रणा सुरू केली, त्यातून पुष्कळ अडवले जातात, तरी आपण सावध राहायचं.

फोनशेजारी एक वही ठेवा. शाळेत हजेरीपट ठेवत होतात तशीच. तारीख, वेळ, नंबर, काय म्हणाला. चार रकाने पुरेत. आठवड्यातून एकदा त्या वहीवरून १९०९ ला तक्रारी नोंदवा. माझ्या अनुभवात, लिहायला लागलं की भीतीही कमी होते. फोन वाजला की पोटात गोळा येण्याऐवजी हात पेन्सिलीकडे जातो.

तो हप्ते मागणारा माणूस. हे बहुधा असं झालं असणार की कुणी कर्ज घेताना संपर्कासाठी तुमचा नंबर लिहिला, चुकून किंवा मुद्दाम. त्या कर्जाशी तुमचा काडीचाही संबंध नाही आणि एक रुपयाही तुम्ही देणं लागत नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की थकीत वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, आणि धमकावणं, छळणं चालणार नाही. हे खुद्द कर्जदारासाठी आहे, तुम्ही तर तिऱ्हाईत. पुढच्या वेळी त्याला एवढंच विचारा: ‘कुठल्या बँकेतून? तुमचं नाव? हा माणूस इथे राहत नाही. नंबर काढला नाहीत तर लेखी तक्रार करीन.’ वहीत लिहा. मग त्या बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र पाठवा, पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांची मदतवाहिनी १४४४८. तो कंपनीचं नाव सांगायला तयार नसेल आणि शिवीगाळ करत असेल, तर वही घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा. शाळेच्या बाई म्हणून कराडात तुम्हाला ओळखणारे निघतीलच, पण ओळख नसली तरी तक्रार घ्यावी लागते.

पॉलिसीच्या बोनसचं एका वाक्यात मिटतं. विमा कंपन्यांच्या जाहिरातींवर, बारीक अक्षरात, छापलेलं असतं की विमा नियामक प्राधिकरण पॉलिसी विकणं, बोनस जाहीर करणं असली कामं करत नाही, आणि असे फोन आले तर पोलिसांत तक्रार करा. बंद पॉलिसीचं काही येणं असेल तर ते तुमच्या शाखेत जाऊन कळेल, त्यासाठी आधी पैसे भरा असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

अजून एक फोन तुम्हाला आलेला नाही, पण येऊ शकतो. पोलीस, सीबीआय, कस्टम्स. तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झालीय, कुणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सगळ्या देशाला सांगितलं होतं. ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द ऐकू आले की लगेच कुणालातरी सांगायचं. शेजारच्या वहिनींना हाक मारा. आवाज नातवासारखा आला आणि ‘आजी, अपघात झालाय, पैसे पाठव’ म्हणाला, तरी हेच. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, मुलाच्या लहानपणीचं एखादं खेळणं किंवा गल्लीतल्या कुत्र्याचं नाव, बाहेरच्याला सुचणार नाही असं. तो शब्द विचारायचा.

आणि हे फक्त फोनखात्यातल्या माणसाला सुचेल असं आहे, नीट लक्षात ठेवा. जुन्या तांब्याच्या लाइनवर तुम्ही रिसीव्हर ठेवलात तरी ज्याने फोन केला त्याने ठेवला नसेल, तर लाइन थोडा वेळ त्याच्याच हातात राहू शकते. तुम्ही लगेच उचलून बँकेचा नंबर फिरवला, तरी पलीकडे तोच ऐकत असू शकतो आणि ‘बँकेतून बोलतोय’ म्हणू शकतो. म्हणून खात्री करायचा फोन नेहमी मोबाइलवरून करा. मोबाइल नसेल तर शेजारून करा. नंबर पासबुकावर छापलेला घ्या, फोनवर त्याने सांगितलेला नको.

राहिला प्रश्न फोन ठेवायचा की काढायचा. मी म्हणेन, ठेवा. मुलाची काळजी खरी आहे, त्याला दुरून एवढाच उपाय दिसतो. पण फोन काढलात तरी हेच फोन मोबाइलवर येतील, आणि तिथे लिंकही असते, ओटीपीही असतो. आक्कांना वयाच्या ८१ व्या वर्षी नवा नंबर पाठ करायला लावणं मला बरोबर वाटत नाही. ज्या माणसाला एकच नंबर आठवतो, त्याच्यासाठी तो नंबर लागला पाहिजे. ३८ वर्षं मी एवढंच केलं.

आक्कांशी एक खूण ठरवा. त्यांनी फोन लावायचा, दोन रिंग वाजल्या की ठेवायचा आणि लगेच पुन्हा लावायचा. दुसऱ्यांदा वाजला की तुम्ही सावकाश उठा, त्या आहेत. त्यांना हे जड जात असेल तर रोज ठरलेल्या वेळी तुम्हीच त्यांना फोन करा. त्यांच्याकडे मोबाइल असेल तर आपल्या लँडलाइनवरून आधी शून्य लावायला विसरू नका, जानेवारी २०२१ पासून तो नियम आहे.

दुपारची झोप मोडते असं लिहिलंत. तुमचा फोन उलटा करून पाहा. तळाला किंवा कडेला रिंगरची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर मोठा, लहान, बंद अशा खुणा असतात. जेवण झालं की एक ते चार ती बंदवर सरकवा. आक्कांना आणि मुलाला ही वेळ सांगून ठेवा, म्हणजे फोन उचलला नाही म्हणून त्यांचा जीव घाबरा होणार नाही. आणि चार वाजता चहा टाकायला उठाल, तेव्हा आधण ठेवण्याआधी पट्टी परत वर सरकवा.